अकरा मुलं पुरे झाली

गुरुजी मला पहिल्या दिवसापासून ऑफिसचं माणूस समजत होते. तसं नाही, हे मी त्यांना निरनिराळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हातारा संशयी आहे, असं मी घरी येऊन म्हणायची. पुढं जे झालं ते पाहता, संशयी कोण होतं याबद्दल मला आता तेवढी खात्री वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. जिल्हा नवा होता. ओरोसला कचेऱ्यांचं बस्तान बसत होतं आणि तिथून येणाऱ्या परिपत्रकांनी आमच्या मुख्याध्यापकांचं टेबल भरलेलं असायचं. मी जामसंड्याच्या शाळेत शिक्षिका होते. बिनपगारी रजा काढून घाटावरच्या एका कॉलेजात एम.एड. करत होते. प्रबंध झाला, की शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात अधिव्याख्यात्याची जागा मिळण्याची शक्यता होती. जागा एकच होती आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले मला धरून निदान तिघे तरी होते.

प्रबंधाचा विषय मला गुरुजींमुळेच सुचला. आमच्या गावापासून एस.टी.नं तासाभराच्या अंतरावर, आतल्या बाजूला, त्यांची दोनशिक्षकी शाळा होती. ते गणितातली शाब्दिक उदाहरणं मालवणीत सांगतात, ही गोष्ट तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांना माहीत होती. काहीजण हसायचे, काहीजण वर कळवायचे. विस्तार अधिकाऱ्यांनी त्यांना लेखी समज दिली होती: पाठ्यपुस्तकाच्या भाषेतच शिकवावे. माझ्या मनात आलं, हे नुसतं मतावर का सोडायचं? मालवणीतून शिकलेल्या मुलांना उदाहरणं जास्त चांगली सुटतात की नाही, ते मोजून बघता येईल.

मी पहिल्यांदा त्यांच्या वर्गात गेले तेव्हा ते वजाबाकी घेत होते.

"आवशीन बाजारातसून धा बांगडे हाडल्यान. चार मांजरान खाल्ल्यान. रवले किती?"

"मांजर कोणाचा, गुरुजी?" मागून एक मुलगी.

"तुझाच. मगाशी चुलीकडे तूच होतंस."

वर्ग हसला आणि हसता हसता सहा, सहा असा गलका झाला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. हसू होतं ते ओसरलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "कोणी धाडल्यान तुमका?"

"कोणी नाही. माझा अभ्यास आहे."

"सायेबांका म्हायत आसा?"

"परवानगी त्यांच्याकडूनच घेतली."

"मगे तेनीच धाडल्यान," गुरुजी म्हणाले आणि तंबाखूची पिंक टाकायला पायरीपर्यंत गेले.

तरी त्यांनी होकार दिला. का दिला, तेही स्वच्छ सांगितलं. निवृत्तीला त्यांची थोडीच वर्षं उरली होती आणि ती त्यांना आपल्याच वर्गात, आपल्याच पद्धतीनं शिकवून काढायची होती. अधिकाऱ्यांनी आणखी एक समज दिली असती तर बदली ठरलेली होती. "तुमच्या कागदावर माझा खरा ठरला, तर माका कोण हलवीत नाय," ते म्हणाले. "आणि खोटा ठरला तर मी गेलंय. ह्यां समजानच काय ता करा." म्हणजे पणाला काय लागलंय हे मला ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

माझे मार्गदर्शक सर सांख्यिकी शिकवायचे. सावकाश बोलणारे, पेन्सिलीला टोक करत करत बोलणारे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो हा, की मुलं किती घेणार.

"शाळेत असतील तेवढी."

"असं नाही चालत. आधी सांगा, फरक केवढा पडेल असं वाटतं? मालवणीतली मुलं दुप्पट हुशार होतील?"

"नाही. थोडी बरी होतील."

"मग हीच अडचण आहे. मोठा फरक थोड्या मुलांतही दिसतो. थोडा फरक बघायचा तर मुलं पुष्कळ लागतात. नाहीतर तो असूनही दिसायचा नाही, आणि तुम्ही लिहून मोकळ्या व्हाल, की नाहीच." त्यांनी कागदावर आकडेमोड केली. मालवणीतल्या आणि पुस्तकी भाषेतल्या, दोन्ही गटांत प्रत्येकी साठेक मुलं तरी हवीत, त्याखाली गेलात तर मला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका, म्हणाले.

खरं म्हणजे हे मला सरांनी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील आंब्याचा व्यापार करायचे. पेटी उघडून वरचे दोन आंबे दाबून अख्ख्या मालाचा भाव ठरवणाऱ्या गिऱ्हाइकाची ते घरी येऊन नक्कल करायचे आणि आम्ही हसायचो. तेव्हा कळत नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही.

गुरुजींच्या शाळेत दुसरी ते चौथी मिळून साठ मुलं भरत होती. तुलनेसाठी माझ्या स्वतःच्या शाळेतली, पुस्तकी भाषेत शिकणारी, तेवढीच मुलं. दोन महिने मी ठरवून दिलेली उदाहरणं गुरुजींनी मालवणीत घ्यायची, आमच्याकडे तीच पुस्तकी मराठीत, आणि शेवटी दोन्हीकडे एकच चाचणी. सगळं कागदावर नीट बसलं.

मग गावात कुजबुज सुरू झाली. मी घरोघर जाऊन मुलांची नावं, वयं, घरात भावंडं किती, हे विचारत होते. माझ्या प्रश्नावलीत ते होतं. पण भावंडं किती, हा प्रश्न त्या गावात आधीही एकदा विचारून झाला होता, आणि तो विचारून गेल्यावर काही दिवसांत जीप येऊन पुरुषांना नसबंदीला घेऊन गेली होती. त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. वरच्या वाडीतली एक बाई भात वारवता वारवता मला म्हणाली, "पोरां मोजतास ती मोज गो बाये, पण आमच्या घोवाक मोजू नको." बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले. ती हसली नाही.

दुसरा संशय त्याहून वाईट होता. मालवणीत शिकवायचं, म्हणजे आपल्या पोरांना कायम गावात ठेवायचं, कचेरीत जाऊ द्यायचं नाही, असा हा डाव आहे, असं कोणीतरी पसरवलं. आणि तिसरा, की पट कमी दाखवून शाळाच बंद करणार. तिन्ही एकमेकांना छेद देणारे, पण लोकांना तिन्ही एकदम पटत होते.

शेवटी गावकरी म्हणजे मानकरी मंडळी म्हणाली, देवाला विचारू. आमच्याकडे हे नवीन नाही. लग्न, घर, शेत, कोर्टकचेरी, कशाबद्दलही देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या फुलाच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गावात दोन वाड्या आणि दोन्हींचा कौल वेगवेगळा लावायची रीत. एका सोमवारी सकाळी देवळात मीही मागे जाऊन उभी राहिले. खालच्या वाडीचा कौल बऱ्याच वेळानं उजवा झाला. वरच्या वाडीचा गुरवाचा हात निघतो न निघतो तोच डावा.

वरच्या वाडीतली मुलं चाचणीला बसणार नाहीत, असं त्याच दुपारी ठरलं. शाळेत बहुतेक मुलं वरच्या वाडीतलीच होती. ते ऐकून खालच्या वाडीतलेही काहीजण कचरले. मुलं शाळेत येत होती, गुरुजी शिकवत होते, पण चाचणीला म्हणून माझ्या हाती उरली अकरा.

गुरुजी मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आले. असं ते कधी येत नसत.

"वायच थांबा," ते म्हणाले. "जत्रा जावंदे. जत्रेआधी देवाक परत इचारूची रीत नाय. जत्रेनंतर परत कौल लावतत. देव एकदा नाय म्हणालो म्हणान सारखो नाय म्हणतलो, असां नसता."

"म्हणजे हो म्हणेपर्यंत विचारत राहायचं?"

"तसां न्हय ता. मदी मी घराघरात बोलान घेतंय. माणसां निवली, की देवय निवता."

मी विचार करते म्हणाले. आणि एस.टी.त बसल्यावर माझ्या मनात जे आलं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मला वाटलं, हा कौल गुरुजींनीच पाडला. वरच्या वाडीचे मानकरी त्यांचे चुलत भाऊ. वरच्या वाडीतली मुलं अभ्यासात मागे, त्यातली पुष्कळ शिकणाऱ्या पहिल्या पिढीची. ती बाजूला झाली, की उरलेल्या निवडक मुलांवर गुरुजींची पद्धत झळकणार. आणि थांबा म्हणतायत ते कशाला, तर जत्रेपर्यंत त्या अकरा जणांकडून माझी उदाहरणं घोटून घ्यायला वेळ मिळावा म्हणून. जामसंडं येईपर्यंत मी सगळी जुळवाजुळव केली होती. पुरावा काही नव्हता. कुणाला विचारलंही नाही.

इतकंही डोकं चालवलं नाही, की मुलं निवडून काढायची असती तर ते मला थांबा, परत कौल लावू, असं कशाला म्हणाले असते. आणि जी मुलं घरी मालवणीशिवाय दुसरं काही ऐकत नव्हती, फरक पडायचा तर त्यांनाच सगळ्यांत जास्त पडला असता. ती म्हणजे वरच्या वाडीतलीच.

सरांना मी पत्र लिहिलं, की मुलं कमी झाली आहेत. त्यांचं उत्तर आलं: एक सत्र पुढं ढकला, मी विद्यापीठाला शिफारस करतो. मी ढकललं नाही. एक सत्र ढकललं तर विद्यालयातली जागा गेली असती. आणि एवढं थांबून गुरुजींच्या मनासारखं कशाला होऊ द्यायचं, हेही होतं. अकरा मुलं पुरे झाली, असं मी ठरवलं. आमच्या शाळेतली साठ तयारच होती, तेव्हा एकूण आकडा काही इतका वाईट दिसत नव्हता. एका पारड्यातली कमी दुसऱ्या पारड्यात घालून भरून निघत नाही, हे मला पाठ होतं. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी ते स्वतः लिहिलंही होतं.

चाचणीच्या दिवशी त्या अकरांतला एक मुलगा तापानं फणफणत आला. आई शेतावर गेली होती, घरी कोणी नव्हतं म्हणून आला. पेपर पुढ्यात घेऊन त्यावर डोकं ठेवून झोपला. गुरुजी म्हणाले, "तेका सोडा, बाई." मी म्हणाले, नियमात बसत नाही, बसलेल्या प्रत्येकाचा पेपर धरावा लागतो. ते खरंच होतं. साठ मुलांत एखादा असा झोपला असता तर सरासरीला पत्ताही लागला नसता. अकरांत त्याच्या शून्यानं सगळ्यांना खाली ओढलं.

तरीही गुरुजींची मुलं पुढे निघाली. थोडी. सांख्यिकीच्या पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात बोट फिरवून पाहिलं, तर इतका फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो, असं तक्ता सांगत होता. मी लिहिलं: दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याखाली एक परिच्छेद लिहिला, की प्रायोगिक गट फार लहान राहिल्यानं या अभ्यासावरून पद्धतीच्या बाजूनं किंवा विरुद्ध काहीही म्हणता येणार नाही.

तो परिच्छेद प्रबंधात नाही. सरांनी काढायला लावला, असं मी नवऱ्याला सांगत आले. विद्यालयातल्या सहकाऱ्यांनाही विषय निघाला की तेच सांगायची. सर आता हयात नाहीत, म्हणून ते सांगणं आणखी सोपं झालं होतं. आता सांगूनच टाकते. सरांनी त्या परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती. टंकलेखकाकडे देताना तो मी काढला. तो ठेवला असता तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न आला असता: मग बाई, तुम्ही थांबला का नाहीत?

तोंडी परीक्षेत कुणी काही विचारलं नाही. एकानं पान उलटता उलटता मुलं किती म्हणून विचारलं. मी म्हणाले, एकाहत्तर.

विद्यालयाच्या जागेच्या शिफारशीसाठी मी विस्तार अधिकाऱ्यांना प्रबंधाचा सारांश नेऊन दिला. स्वतःच्या हातानं. पुढच्याच महिन्यात शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी तो वाचून दाखवला. मी दुसऱ्या रांगेत होते. गुरुजी खिडकीपाशी.

"आपल्याच तालुक्यातल्या भगिनीनं शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध केलं आहे," अधिकारी म्हणाले, "की मालवणीत शिकवल्यानं काहीही फायदा होत नाही. आता तरी हे बांगडे शाळेच्या बाहेर ठेवावेत."

सभा हसली. 'आढळला नाही'चं 'सिद्ध केलं' झालं होतं. मला उठून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, ते अकरा मुलांवरून आहे. एक वाक्य. शेजारची शिक्षिका माझं अभिनंदन करत होती. मी तिला म्हणाले, थँक्यू.

बाहेर पडताना गुरुजी माझ्या बाजूनं गेले. "मी इचारलेलंय तुमका," एवढंच म्हणाले. "पयल्याच दिसा."

त्या मे महिन्यात त्यांची बदली दोडामार्गच्या बाजूला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं ते पुस्तकी भाषेत शिकवत होते असं ऐकलं. मग रजेवर गेले आणि रजेवरूनच निवृत्त झाले. मला जागा मिळाली. विद्यालयात मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवत आले, की नमुना पुरेसा मोठा असावा. उदाहरण म्हणून गव्हाची, पावसाची, कशाकशाची उदाहरणं घेतली. हे घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, वयाची पन्नाशी गाठल्यावर, मी त्यांच्या घरी गेले. कळवलं नव्हतं. ते पडवीत आरामखुर्चीत बसले होते, कान जड झालेले, नजर मात्र तीच. मी नाव सांगायच्या आधी ओळखलं.

"ऑफिसची बाई," ते म्हणाले.

मी आधी तेच विचारलं, जे तेव्हा विचारायला हवं होतं. वरच्या वाडीचा कौल तुम्ही फिरवलात का?

त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. "मी?" ते म्हणाले. "माका वाटला, तुमी. गुरवाकडे सकाळीच जावन बोलत होतात, माझ्या बायलेन बघितल्यान." मी गुरवाकडे देवळाची वेळ विचारायला गेले होते. ते सांगितलं. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

मग मी बाकीचं सांगितलं. मुलं कमी होती. तेवढ्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मी ते लिहिलं होतं आणि मीच काढलं. सभेत बोलायला हवं होतं, बोलले नाही. मोठ्यानं सांगावं लागत होतं, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि आतून त्यांची सून दारात येऊन उभी राहिली होती.

गुरुजी खुर्चीत पुढं सरकले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी त्याआधी फक्त वर्गात पाहिला होता.

"म्हणजे माझा खरा होता," ते म्हणाले. "माझा शिकवणा खरा होता. असां म्हणतात ना तुमी?"

हो म्हणायला काय जात होतं, असं मी त्यानंतर कितीदा तरी स्वतःला विचारलं. म्हाताऱ्या माणसाला एक हो. पण मी तिथं गेले होते ते एकदा तरी खरं बोलायला.

"तेही नाही म्हणता येत, गुरुजी," मी म्हणाले. "अकरा मुलांवरून तेही नाही म्हणता येत. तुमचं खरं असेलही. पण ते मी बघितलं नाही."

"नाय म्हणूकय येना नाय आणि हो म्हणूकय येना नाय."

"हो."

"मगे तुमी इलात कशाक?"

गुरुजी सावकाश मागं टेकले. माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाले, "बाईंना चहा द्या." मग माझ्याकडे वळून, अगदी शब्द न् शब्द जपून, पुस्तकी मराठीत, साहेब आले की बोलत असतील तसं, "तुमची परतीची गाडी चुकू नये. या बाजूला नंतर काही मिळत नाही."

चहा आला. मी तो पूर्ण प्यायले, कारण अर्धा ठेवून उठणं बरं दिसलं नसतं.